किरच, गळ, छर्रा: शरीरात अडकलेला धातू शोधताना आधी कोणती तपासणी?

क्षकिरण_कोकण (धागाकर्ता)

हर्णैपासून मालवणपर्यंत बंदरांच्या आसपासच्या दवाखान्यांतून एक्स-रेसाठी ज्या चिठ्ठ्या येतात, त्यांवर बहुतेक वेळा दोनच शब्द असतात: ‘फॉरेन बॉडी?’ एवढ्यावर नीट फिल्म निघत नाही. चार गोष्टी लिहून पाठवा. काय घुसलं (छिन्नीची किरच, सुई, गळ, तार, छर्रा). कधी घुसलं. कुठून घुसलं. आणि मूळ वस्तूचा किती तुकडा कमी आहे. चौथी गोष्ट सगळ्यात कामाची. तुटलेली सुई किंवा गळ फेकून देऊ नका, पिशवीत घालून पेशंटबरोबर पाठवा. तशीच अख्खी वस्तू शेजारी ठेवून मोजलं की आत ७ मिमी शोधायचं आहे की २, हे आधीच कळतं.

आता मूळ तत्त्व. एक्स-रेवर वस्तू किती उठून दिसेल, ते मुख्यतः तिचा अणुक्रमांक आणि जाडी यांवर ठरतं. हाडातलं कॅल्शियम २०, लोखंड २६, तांबं २९, शिसं ८२. त्यामुळे लोखंडाची बारीक किरचसुद्धा मांसात पांढरीशुभ्र दिसते. अॅल्युमिनियम मात्र १३, म्हणजे हाडातल्या कॅल्शियमपेक्षाही खाली. डब्याच्या झाकणाचा पातळ पत्रा हाडावर आला तर दिसतच नाही. ‘धातू आहे म्हणजे एक्स-रेत येणारच’ हे म्हणून अर्धसत्य आहे.

पद्धत अशी. जखमेच्या तोंडाशी, पण जखमेवर नाही, कागदाची क्लिप उघडून चिकटवा. मग काटकोनात दोन फिल्म, एक समोरून आणि एक बाजूने. एका फिल्मवर तुकडा हाडात रुतल्यासारखा दिसतो आणि दुसरीवर तोच कातडीखाली अर्ध्या सेंमीवर असतो. बोटाला साधारण ५० केव्ही (किलोव्होल्ट, एक्स-रे ट्यूबचा विद्युतदाब) पुरतात. जास्त केव्ही लावलं की मऊ भागातला फरक पुसला जातो. बोटांची बाजूची फिल्म घेताना बाकीची बोटं दुमडून दूर ठेवा, चारही एकावर एक आली तर ती फिल्म वाया गेली.

---

सुकाणू

गळाचं विचारतो. बोटात गळ गेला की जेट्टीवर पुढे ढकलून, गळाचं नाक (काट्याचं टोक) कापून काढतात. यात एक्स-रेची गरज कुठे येते?

---

हाडजोड

@सुकाणू, पुढे ढकलून नाक कापणं ही मान्य पद्धतच आहे, फक्त ती भूल देऊन आणि स्वच्छ जागी व्हायला हवी. गळाच्या वळणाच्या दिशेने टोक बाहेर काढायचं, उलटा काटा पक्कडीने कापायचा (कापताना दुसरा हात वर धरा, तुकडा उडून डोळ्यात जातो), मग आलेल्या वाटेनेच मागे काढायचा. दांड्यावरही काटे असलेला गळ मागे येत नाही. त्याची दोरा बांधायची कडी कापून सगळा गळ पुढूनच ओढून घ्यावा लागतो. तीन नाकांचा गळ असेल तर आधी मोकळी दोन नाकं कापा किंवा टेपने गुंडाळा, नाहीतर काढणाऱ्याच्या बोटात दुसरा जातो.

एक्स-रे तीन वेळा हवाच: गळ सांध्याजवळ किंवा शिरेजवळ असेल तेव्हा, काढताना मोडला असेल तेव्हा, आणि बाहेर आलेला तुकडा त्याच डब्यातल्या दुसऱ्या गळाशी जुळत नसेल तेव्हा. पापणीत किंवा डोळ्यात गेलेल्या गळाला जेट्टीवर कोणीही हात लावायचा नाही. दोऱ्याचा झटका देऊन काढायची पद्धत कानाच्या पाळीसारख्या मोकळ्या भागावर वापरू नका, पाळी फाटते.

समुद्राच्या पाण्यातली जखम ही वेगळीच गोष्ट आहे. व्हिब्रिओ जातीचे जंतू खाऱ्या आणि मचूळ पाण्यात असतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाच्या जखमेभोवती २४ तासांत झपाट्याने सूज, फोड आणि न सोसणारी ठणक आली, तर तुकडा राहिला की नाही हा प्रश्न मागे ठेवून थेट मोठ्या रुग्णालयात न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन मळकट जखमेला शेवटच्या डोसला ५ वर्षं होऊन गेली असतील तर, स्वच्छ जखमेला १० वर्षं होऊन गेली असतील तर.

---

चिरेखाण

आमच्या भागात डोळ्यात काय उडाला की लोका पयला लोहचुंबक शोधतत. ह्यां खरां काय, की चुंबकाने किरच बाहेर येता? दुसरा प्रश्न: वर्षानुवर्षं छिन्नी-हातोडा चालवलेल्या माणसाला कंबरेचा एमआरआय सांगितला तर काय बघायचं?

---

डोळस

@चिरेखाण, चुंबक अजिबात नको. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत चुंबक वापरतात, पण तो सूक्ष्मदर्शकाखाली, किरच कुठे आहे ते कळल्यावर आणि वाट करून दिल्यावर. बाहेरून लावलेला चुंबक किरच आतल्या आत फिरवतो, पडदा फाडतो.

इथे दोन जखमांची गल्लत होते. ग्राइंडरची ठिणगी ही गरम आणि हलकी, ती बुबुळावर चिकटते. टोचतं, पाणी येतं, काही तासांत तुकड्याभोवती गंजाचं कडं धरतं. ती स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून पाहायचं यंत्र) दिसते, तिथेच काढतात, एक्स-रे लागत नाही. छिन्नीवर हातोडा बसून उडालेली किरच मात्र वेगाने येते आणि डोळ्याच्या आत जाते. भोक एवढं बारीक की ते आपोआप मिटतं. दुखणं थांबतं, नजरही पहिल्या दिवशी बरी असते, माणूस कामावर जातो. ‘काहीतरी लागलं, पण आता बरं आहे’ हे वाक्य हातोड्याच्या कामाबरोबर आलं की मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. छिन्नीचं डोकं मार खाऊन छत्रीसारखं पसरलेलं असेल तर किरच तिथूनच उडते. त्या कडा घासून काढणं हा फुकटचा उपाय आहे.

आत राहिलेलं लोखंड महिन्या-वर्षांत विरघळत पडदा मारतं, बुबुळाचा रंग तांबूस होतो. तांबं त्याहून वाईट. शुद्ध तांब्याचा तुकडा काही तासां-दिवसांत डोळा पेटवतो. जुन्या लाकडी होड्यांना तांब्याचे खिळे मारलेले असायचे, तेव्हा होडी मोडताना उडालेला तुकडा लोखंडाचाच असेल असं धरू नका.

असा संशय आला तर डोळा चोळायचा नाही, धुवायचा नाही, थेंब किंवा मलम घालायचं नाही. कागदी कपाचा तळ कापून भोवतालच्या हाडावर टेकेल असा चिकटवा, डोळ्यावर दाब नको. खाणंपिणं बंद, कारण भूल द्यावी लागू शकते. तपासणी म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा सीटी, रंगद्रव्याशिवाय, १ मिमी किंवा त्याहून पातळ काप, आणि आडवे, उभे, बाजूचे असे तिन्ही दिशांचे काप बनवून मागा. चिठ्ठीवर फक्त ‘सीटी डोकं’ लिहिलं की ५ मिमीचे काप येतात आणि अर्ध्या मिमीची किरच दोन कापांच्या मधे विरून जाते. जिथे फुटलेल्या डोळ्याचा संशय आहे तिथे सोनोग्राफीचा प्रोब पापणीवर दाबायचा नाही. आणि एमआरआय तर नाहीच.

---

क्षकिरण_कोकण

@डोळस यांच्याशी एका ठिकाणी माझा मतभेद आहे. राजापूर किंवा वेंगुर्ल्याच्या आतल्या गावातून सीटीपर्यंत पोचायला घाटवाटा धरून दोन-तीन तास जातात. आधी जवळच खोबणीचा एक्स-रे काढला आणि किरच दिसली, तर निर्णय तिथेच होतो.

---

डोळस

दिसली तर होतो, बरोबर. न दिसली तर? तिथेच घोळ होतो. ‘एक्स-रे स्वच्छ’ म्हणून माणूस घरी जातो. ताज्या जखमेत हातोडा, छिन्नी किंवा तुटलेली तार असा इतिहास असेल, तर एक्स-रे काढा किंवा काढू नका, पेशंट पुढे पाठवायचाच. पोचायला वेळ लागणार असेल तर एक्स-रेच्या रांगेत आणखी तास घालवू नका. २४ तासांत किरच निघाली तर आत पू होण्याचा धोका कमी असतो.

---

क्षकिरण_कोकण

हे मान्य. माझं म्हणणं मग दुसऱ्या प्रसंगाला लागू धरा: जुना इतिहास आणि एमआरआयच्या आधीची चाळणी. तिथे खोबणीचा साधा एक्स-रे पुरतो.

@चिरेखाण, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच्यात आहे. एमआरआयचा चुंबक १.५ किंवा ३ टेस्लाचा. पृथ्वीचं चुंबकत्व साधारण ०.००००५ टेस्ला धरलं तर १.५ म्हणजे ३०,००० पट. आणि तो रात्रंदिवस चालूच असतो, स्कॅन चालू नसतानाही. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका केसमध्ये ०.३५ टेस्लाच्या, म्हणजे आजच्या मानाने मवाळ यंत्रात डोळ्यातली जुनी किरच हलली आणि रक्तस्राव होऊन नजर गेली.

म्हणून फॉर्मवर ‘डोळ्यात धातू आहे का?’ असं विचारू नका. त्याला सगळे ‘नाही’ म्हणतात, कारण खरंच माहीत नसतं. विचारा असं: हातोडा, ग्राइंडर, वेल्डिंग किंवा लेथवर कधी काम केलं का? डोळ्यात काही उडून डॉक्टरकडे जावं लागलं का? सगळं निघालं असं डॉक्टरांनी सांगितलं का? त्यानंतर डोळ्याचा सीटी झाला का? नुसतं काम केलंय, डोळ्याला कधी काही झालं नाही, तर सहसा एक्स-रे लागत नाही. डोळ्यात काही उडून डॉक्टर गाठला असेल आणि सगळं निघाल्याची खात्री नसेल, तर खोबणीच्या दोन फिल्म: हनुवटी टेकवून, डोकं मागे कलवून, जेणेकरून कानामागच्या हाडाची जाड कड खोबणीच्या खाली जाईल. एक फिल्म नजर वर, दुसरी नजर खाली. ठिपका नजरेबरोबर हलला तर तो डोळ्यात आहे. जागचा हलला नाही तर हाड किंवा कॅसेट (एक्स-रे प्लेट ठेवायचा सपाट डबा).

कॅसेटचं वेगळं सांगायला हवं. सीआर प्लेटवरची (फिल्मऐवजी वापरायची, यंत्रात वाचली जाणारी प्लेट) धूळ प्लेटमधून निघणारा प्रकाश अडवते आणि फिल्मवर पांढरा टिंब उमटतो, अगदी धातूसारखा. आमच्याकडची दमट हवा आणि लाल माती यात हे वारंवार होतं. शंका आली तर कॅसेट फिरवून दुसरी फिल्म घ्या. टिंब कॅसेटच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर प्लेट पुसा, पेशंटला घाबरवू नका. कपाळावरचा शेंदूर, जखमेवरचं बीटाडीन, जस्ताचं मलम, प्लास्टरची धूळ, साडीची जर, कमरेचा करदोटा, हे सगळं ‘धातू’ म्हणून नोंदलं जाऊ शकतं. बीटाडीनमधल्या आयोडीनचा अणुक्रमांक ५३, मग भिजलेली पट्टी चमकणारच. आधी जखम पुसा, मग फिल्म.

---

लाटांआड

लाकडी होड्या कमी होऊन सगळीकडे फायबरच्या आल्या. फायबरचं तूस तळहातात गेलं की एक्स-रेवर काहीच दिसत नाही. शिंगाळा माशाचा काटाही कधी कधी चुकवतो. तिथे काय?

---

ध्वनिलहरी

तिथे सोनोग्राफी. वरवरच्या तुकड्याला, विशेषतः जे एक्स-रेत दिसत नाही त्याला, हीच पहिली तपासणी असावी असं माझं मत आहे. लिनिअर (सरळ तोंडाचा) प्रोब, १० मेगाहर्ट्झ किंवा वर. बोटासारखा उंचसखल भाग असेल तर हात पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवा आणि प्रोब कातडीला न टेकवता पाण्यातून बघा. अगदी वरच्या थरातलंही स्पष्ट येतं आणि पेशंटला दुखत नाही.

धातू दिसतो तो चकचकीत रेघ आणि तिच्याखाली समांतर रेघांची शेपटी अशा रूपात. लाकूड, बांबू आणि काट्याखाली स्वच्छ काळी सावली पडते. साधारण एका दिवसानंतर तुकड्याभोवती सुजेचं काळं वलय धरतं, त्यामुळे पहिल्या दिवशी न सापडलेला काटा तिसऱ्या दिवशी सापडू शकतो. प्रोब काटकोनात फिरवून दोन्ही दिशांनी बघा. शीर किंवा बोटाच्या हाडाची कड आडव्या कापात तुकड्यासारखीच दिसते.

सोनोग्राफीच्या आधी जखमेत हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका आणि भुलीचं इंजेक्शन देऊ नका. हवेचे बुडबुडे चमकतात, शेपटी टाकतात आणि धातूची हुबेहूब नक्कल करतात. खोली कातडीपासून मिमीमध्ये लिहा, पेनाने खूण करा, आणि पाय ज्या स्थितीत ठेवून बघितला तीच स्थिती अहवालात लिहा. पाऊल वाकवून केलेली खूण पाऊल सरळ केल्यावर सरकते.

हे यंत्र उचलून जेट्टीवर का नेत नाहीत असं लोक विचारतात. लिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची जागेसह नोंदणी असते, ते असं फिरवता येत नाही. पेशंटच केंद्रावर आणावा लागतो.

---

सड्यावरचा

रानडुकरांच्या मागे जाताना लागलेले छर्रे मांडीत, पोटरीत राहून गेलेली माणसं गावोगाव आहेत. ते सगळे काढायचे का? आणि एमआरआय?

---

हाडजोड

सगळे काढायचे नाहीत. मांसात रुतलेल्या शिशाच्या छऱ्याभोवती तंतूंचं कवच धरतं आणि तो वर्षानुवर्षं गप्प असतो. शोधताना कापाकापीच जास्त होते. सांध्यात असेल तर मात्र काढलाच पाहिजे. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात शिसं हळूहळू विरघळतं, कूर्चा झिजते आणि रक्तातलं शिसं वाढतं. गुडघ्यात किंवा घोट्यात छर्रा असलेल्याला थकवा, पोटदुखी आणि रक्तक्षय यांपैकी काही असेल तर रक्तातल्या शिशाची तपासणी सांगा. सांध्यात आहे की सांध्याला लागून, हे दोन फिल्मवर नक्की होत नसेल तर सीटी.

सीटीवर शिशाभोवती चांदणीसारखे काळे-पांढरे पट्टे येतात, त्यात छऱ्याचा आकार फुगलेला दिसतो. मोजमाप सीटीवरून घेऊ नका, एक्स-रेवरून घ्या.

एमआरआयचं उत्तर धातूवर आहे. शिसं चुंबकाला ओढलं जात नाही, पोलाद जातं. एक्स-रेवर दोन्ही सारखेच पांढरे. थोडा अंदाज आकारावरून येतो: शिसं मऊ, हाडावर आपटलं की चपटं होतं आणि वाटेत कण सांडत जातं. पोलादाचा छर्रा गोल तो गोलच राहतो. ठासणीच्या बंदुकीत मात्र बेअरिंगची गोळी, खिळ्याचे तुकडे, काहीही भरलेलं असतं. म्हणून अशा माणसाच्या बाबतीत ‘छर्रे आहेत म्हणजे शिसंच’ असं गृहीत धरून एमआरआयच्या खोलीत पाठवू नका. किती छर्रे, कुठे, रक्तवाहिनी, मज्जारज्जू किंवा डोळ्याच्या किती जवळ, हे एक्स-रेवर मांडून रेडिओलॉजिस्टला ठरवू द्या.

---

बालसेवा

लहान मुलांचं कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. कोळीवाड्यात जाळ्याला लावायचं शिसं घरभर पडलेलं असतं आणि मुलं ते तोंडात घालतात. ‘गुळगुळीत आहे, पडून जाईल’ असं आईला सांगितलं जातं, ते बरोबर नाही. जठरातल्या आम्लात शिसं विरघळतं आणि रक्तात झपाट्याने चढतं. पोटाचा एक्स-रे लगेच काढा. शिसं जठरात असेल तर दुर्बिणीने काढण्यासाठी त्याच दिवशी पाठवा, आणि रक्तातल्या शिशाची तपासणी करा.

नाणं की बटन बॅटरी हा दुसरा प्रश्न. छातीच्या समोरच्या फिल्मवर बॅटरीला दुहेरी कड दिसते, बाजूच्या फिल्मवर पायरी दिसते. नाण्याला दोन्ही नसतात. गोल सावली दिसली की झूम करून कड बघितल्याशिवाय ‘नाणं’ असं लिहू नका. रिमोट आणि वजनकाट्यातली २० मिमीची लिथियम बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत जाळते. ती भरलेली असायलाही लागत नाही, संपलेलीही जाळते. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळून १२ तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर रुग्णालयाकडे जाताना वाटेत दर १० मिनिटांनी १० मिली मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी थांबायचं नाही, गाडी आधी सुटली पाहिजे. वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही.

दोन लोहचुंबक गिळले असतील तर फिल्मवर ते एकत्र चिकटून एकच वस्तू दिसते. दोघांच्या मधे आतड्याची घडी चिमटलेली असू शकते. बाजूची फिल्म घेतल्याशिवाय ‘एक’ म्हणू नका.

---

सुकाणू

दरवाज्यावर तपासणीला वापरतात तो हातातला धातुशोधक चालेल का? फिल्मचा खर्च वाचेल.

---

बालसेवा

गिळलेल्या नाण्यापुरता तो काम करतो, आहे की नाही आणि छातीत की पोटात एवढं सांगतो. बॅटरी की नाणं हे त्याला कळत नाही, म्हणून पहिली फिल्म टळत नाही. नाणं असल्याचं एकदा पक्कं झालं की पुढे गेलं का ते पाहायला मात्र उपयोगी. मुलाला लोखंडी खाटेवर झोपवून तपासू नका. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असंच विद्युत उपकरण नेलं होतं, आणि गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी त्यात गोंधळ घातला. एक्स-रेचा शोध त्यानंतर १४ वर्षांनी लागला.

---

चिरेखाण

तळपायात सुई मोडली, फिल्मवर स्पष्ट दिसते, तरी शस्त्रक्रियेत सापडत नाही असं का होतं?

---

हाडजोड

सुई सरकते म्हणून. फिल्म सोमवारची आणि शस्त्रक्रिया शुक्रवारी, असं करू नका. टेबलावर घ्यायच्या आधी त्याच दिवशी नवी फिल्म. सी-आर्म (टेबलावरच लगेच चित्र दाखवणारं फिरतं एक्स-रे यंत्र) असेल तर दोन इंजेक्शनच्या सुया काटकोनात टोचा, दोन्हींची टोकं तुकड्याला लागलेली दोन दिशांनी दिसली की चीर तिथेच. चीर सुईला आडवी घ्या. सुईच्या रेषेत समांतर चीर घेतली तर पातं तिच्या बाजूने निसटत राहतं. लेड एप्रन सगळ्यांनी घाला, आणि पेडल सलग दाबून न ठेवता क्षणभरच दाबा.

सी-आर्म नसेल तर खोली गणिताने काढता येते. पाय न हलवता एकाच प्लेटवर दोन फिल्म, मधे ट्यूब फक्त आडवी सरकवायची. ट्यूब प्लेटपासून १०० सेंमी उंच, सरकवली १० सेंमी, आणि सावली सरकली ०.५ सेंमी, तर तुकड्याची प्लेटपासून उंची = १०० × ०.५ ÷ (१० + ०.५), म्हणजे सुमारे ४.८ सेंमी. यात पाय आणि प्लेट यांच्यातलं अंतरही धरलेलं असतं, ते वजा करा.

सुई निघाली की जखम शिवण्याआधी आणखी एक फिल्म. निघालेले तुकडे जुळवून पूर्ण लांबी होते का ते बघा, आणि चिठ्ठीबरोबर आलेली उरलेली सुई तेव्हाच हाताशी ठेवा.